मदुरा बेटावरच्या खेड्यात पाहुणा म्हणून जाताय? मग हे आधी बघून घ्या

पहिलं म्हणजे मदुरा हे तमिळनाडूतलं मदुराई नाही आणि मथुरा तर नाहीच, हे मुद्दाम सांगतोय कारण घरी फोनवर सांगितलं की हमखास समोरून "मग मीनाक्षीचं दर्शन झालं का रे" असंच येतं. हे इंडोनेशियातलं बेट, जावाच्या ईशान्य टोकाला लागून, सुराबाया शहराच्या अगदी समोर आडवं पसरलेलं, पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत साधारण १६० किमी लांब. चार जिल्हे आहेत, ओळीने बांगकालान, साम्पांग, पामेकासान आणि शेवटी सुमेनेप. मी नोकरीनिमित्त सुराबायात असतो आणि आमच्याकडे कामाला असलेल्या एकाचं गाव सुमेनेप जिल्ह्यात आतल्या बाजूला गुलुक-गुलुककडे आहे, त्याच्याबरोबर सुट्टीला जाऊन जाऊन जे काय कळलं ते लिहितोय. बालीला जाणारी मराठी माणसं आता भरपूर झालीत, त्यातल्या कुणाला बीच आणि झोके बघून कंटाळा आला असेल आणि खरंखुरं खेडं बघायचं असेल त्यांच्यासाठी हे.

मुळात एक लक्षात घ्या, इथे हॉटेल बुक करून गाव बघायला जाता येत नाही, म्हणजे सुमेनेप शहरात हॉटेलं आहेत पण खेड्यात कुणाची तरी ओळख काढूनच जायचं. आणि ओळख काढणं अवघड अजिबात नाही कारण मदुरी माणूस इंडोनेशियाभर पसरलाय, जमीन चुनखडीची, पाणी कमी, पोट भरायला बाहेर पडावंच लागतं. भंगारचा धंदा त्यांचा, साते म्हणजे काडीवर भाजलेलं मांस विकणारे ते, आणि जकार्तात चोवीस तास उघडी असणारी छोटी किराणा दुकानं, वारुंग मादुरा म्हणतात, तीही त्यांचीच. त्यांच्याबद्दल जोक आहे की वारुंग मादुरा फक्त कयामतीच्या दिवशी बंद असतं, आणि त्या दिवशीही हाफ डे चालू. तर अशा दुकानात रोज जात रहा, गप्पा मारा, तुमच्या गावाला यायचंय म्हणा, माणूस एकदा हो म्हणाला की मग तो विसरत नाही, तुम्ही विसरलात तर त्याला राग येईल.

व्हिसाचं सोपं आहे, भारतीय पासपोर्टवर व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ५ लाख रुपिया फी, ३० दिवसांचा, आणि एकदा अजून ३० दिवस वाढवता येतो. ५ लाख ऐकून घाबरू नका, आपल्या एका रुपयाला पावणेदोनशे-दोनशे रुपिया येतात. विमानाने सुराबायाच्या जुआंडा एअरपोर्टला उतरायचं आणि तिथून बुंगुरासिह बस टर्मिनल, सुमेनेपच्या बस तिथूनच सुटतात. बस सुरामादू पुलावरून जाते, २००९ साली सुरू झालेला ५.४ किमीचा पूल, आधी टोल होता, २०१८ पासून फुकट. सुमेनेपपर्यंत चारेक तास धरा, गर्दीत जास्त. खिडकीची जागा घ्या म्हणजे साम्पांगच्या पुढे डावी-उजवीकडे मिठागरं दिसतील. घाई नसेल तर जुनी फेरी पण आहे, सुराबायाच्या उजुंग धक्क्यावरून कामालला, अर्ध्या तासात पलीकडे, पूल झाल्यापासून तिला फारसं कोणी विचारत नाही पण मला तीच आवडते.

कधी जावं हा प्रश्न बरेच जण विचारतात. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, तेव्हा मका आणि भात, सगळं हिरवंगार पण वाटा चिखलाच्या. मे-जूननंतर कोरडं, तेव्हा तंबाखू आणि मीठ, आणि ऑगस्टपासून बैलांच्या शर्यती. माझं मत विचाराल तर ऑगस्ट-सप्टेंबर. रमजानमधे दिवसा बाहेर खायला काही मिळणार नाही आणि घरचे उपाशी असताना तुमच्यासाठी रांधतील, ते तुम्हालाच नको वाटेल. बकरी ईदच्या आधी दोन-तीन दिवस तर बसने निघूच नका, त्या ईदला बाहेरगावचे सगळे मदुरी घरी येतात, 'तोरोन' म्हणतात त्याला, इतर इंडोनेशियन लोक रमजान ईदला गाव गाठतात पण यांचं बकरी ईदचं विशेष, पुलावर नुसत्या बाईकच बाईक. ओळखीच्या घरी आधीच पोचून बसलात तर मात्र तो आठवडा भारी असतो, सगळा गोतावळा एका जागी बघायला मिळतो.

आता मुख्य विषय. गावात पोचल्यावर जे समजून घ्यायचं ते एकच आहे, अंगण. बाकी सगळं त्यातून आपोआप येतं. मदुरी खेड्यात आपल्यासारखी गल्ली, वेस, पार असं नसतं, शेतांच्या मधे मधे घरांचे पुंजके असतात आणि प्रत्येक पुंजका म्हणजे एक कुटुंब, त्याला म्हणतात तानेआन लांजांग, सरळ अर्थ लांब अंगण. रचना अशी की उत्तरेच्या बाजूला ओळीने घरं, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला, समोर लांबच लांब मोकळं सपाट अंगण, त्याच्या पलीकडे स्वयंपाकघरं आणि गोठा, आणि पश्चिमेच्या टोकाला लांगार, म्हणजे घरगुती नमाजाची खोली, लाकडाची जरा उंच चौथऱ्यावरची किंवा आता टाईल्स लावलेली. सगळ्यात जुनं, आजी-आजोबांचं घर पश्चिमेला लांगारजवळ, आणि मग पूर्वेकडे क्रमाने लेकींची घरं. हो, लेकींची. मुलीचं लग्न झालं की आईबाप तिला अंगणात घर बांधून देतात आणि जावई तिकडे राहायला येतो. त्यामुळे घरजावई हा टोमणा तिथे चालतच नाही, तिथे सगळेच घरजावई. पण याचा व्यवहारात अर्थ काय ते बघा, घर बाईचं आहे. नवरा तुमचा मित्र असला तरी कुठे झोपायचं, काय खायचं, किती दिवस राहायचं हे घरातल्या बाईच्या सोयीने ठरतं, आणि अंगणातल्या बाकीच्या बायका तिच्या बहिणी, मावश्या आहेत हे लक्षात ठेवून वागा. मित्र तिथे एका अर्थी तुमच्यासारखाच बाहेरून आलेला, फक्त जरा जुना.

तर अंगणात शिरताना थेट घराच्या दाराशी जायचं नाही. अंगणाच्या कडेला थांबायचं, आवाज द्यायचा, सलाम म्हटलं तरी चालतं, पर्मिसी म्हणजे 'येऊ का' असं म्हटलं तरी चालतं, आणि कोणीतरी पुरुष बाहेर आला की तो तुम्हाला लांगारकडे नेईल. पुरुष पाहुणा लांगारच्या ओट्यावर बसतो, ही बैठकीची खोली समजा. चपला खाली काढा. बाईमाणूस असेल तर बायका येऊन तिला घरात किंवा स्वयंपाकघरात घेऊन जातात, आणि खरं सांगू, खरी माहिती स्वयंपाकघरातच मिळते, माझी बायको एका दुपारी जे ऐकून आली ते मला महिनोन्महिने कळलं नव्हतं. घरात पुरुष नसेल आणि तुम्ही एकटे पुरुष असाल तर बाहेरूनच "नंतर येतो" सांगून परत फिरायचं, आत बोलावलं तरी नाही. हे शिष्टाचारापुरतं नाही, यावर खूप काही अवलंबून आहे, पुढे सांगतो.

झोपायचं पण पुरुषांनी बहुतेक लांगारमधेच, जुन्या पद्धतीत घरातली वयात आलेली मुलं तिथेच झोपायची. चटई मिळते, उशी मिळते, डास फुकट. मच्छरदाणी किंवा डासांचं क्रीम घेऊन जा, डेंग्यू आहे तिकडे. झोपताना पाय पश्चिमेकडे करू नका, किब्ला म्हणजे नमाजाची दिशा तिकडे आहे. आणि पहाटे चारच्या सुमाराला माणसं नमाजाला येतील तेव्हा उठून अंथरूण गुंडाळून बाजूला व्हायचं, पडून राहिलात तर कोणी काही बोलणार नाही पण तुम्हालाच ओशाळं होईल. लाऊडस्पीकर जवळ असतो त्यामुळे अलार्मची गरज नाही.

पोचलात त्याच दिवशी एक काम, नोंदणी. इंडोनेशियात गावोगावी पाटी दिसते की पाहुण्यांनी चोवीस तासांत कळवणं बंधनकारक आहे. यजमानाला आठवण करा, पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि त्याच्याबरोबर सरपंचाकडे जाऊन या. मदुरामधे सरपंचाला क्लेबून म्हणतात आणि तो चांगला वजनदार माणूस असतो. पण त्याच्यापेक्षा वजनदार माणूस म्हणजे कियाई, धार्मिक गुरू, ज्याचा पेसान्त्रेन म्हणजे निवासी मदरसा जवळपास असतोच. गुलुक-गुलुकचा आन्नुकायाह पेसान्त्रेन १८८७ पासून चालू आहे, हजारो मुलं शिकतात, आसपासच्या गावांचं सगळं घड्याळ त्यावर चालतं. मदुरी लोकांत आदराचा क्रम ठरलेला आहे, भुप्पा', भाभु', घुरु, रातो, म्हणजे बाप, आई, गुरू आणि मग चौथ्या नंबरवर राजा किंवा सरकार. तेव्हा कियाईंना भेटायचा योग आला तर मान खाली, आवाज खाली, ते बसेपर्यंत बसायचं नाही, आणि फोटो त्यांनी स्वतः काढू म्हटलं तरच. त्यांच्याबद्दल कोणी तुमच्यासमोर गावगप्पा करत असेल तरी त्यात तोंड घालू नका.

भाषेचं. सगळ्यांना इंडोनेशियन येते, म्हाताऱ्यांना कमी. मदुरी भाषा वेगळीच आहे, जावानीज येणाऱ्यालाही कळत नाही, आणि तिच्यात बोलण्याचे थर आहेत, कोणाशी बोलताय त्यावर शब्दच्या शब्द बदलतात. तुमच्याच वयाच्या मित्राशी 'मी-तू' साठी सेंगको' आणि बा'ना, पण हेच बा'ना त्याच्या आजीला म्हणालात तर सगळं अंगण गप्प. म्हणून परक्याने खालचा थर शिकूच नये, सरळ वरचे तीन-चार शब्द पाठ करावेत. हो ला एंग्गी, नाही ला बुन्तेन, धन्यवाद ला साकालांगकोंग. एवढ्यावर म्हातारी माणसं इतकी खूश होतात की काय सांगू. आपण आजीला अगंतुगं करतो आणि त्यात माया असते, तिथे तसं नाही, तिथे माया पण अदबीनेच. लहान मुलं येऊन तुमचा हात कपाळाला किंवा नाकाला लावतील, लावू द्या, हात मागे ओढू नका. बायकांशी हात मिळवायला जाऊ नका, छातीशी हात नेऊन मान हलवली की झालं. लोक बसलेले असताना मधून जायचं असेल तर थोडं वाकून उजवा हात खाली धरून जायचं, ताठ चालत जाणं उद्धटपणा.

तुम्ही भारतातले म्हटल्यावर पहिला प्रश्न शाहरुखचा, दुसरा तुम्हाला नाचता येतं का. तिसरा लग्नाचा, मुलं किती. हे सगळे प्रश्न चहा-कॉफीसारखे असतात, मनाला लावून घेऊ नका. हिंदू आहात म्हणून कोणी वेडंवाकडं बोललंय असं माझ्याबाबतीत कधी झालं नाही, उलट सुमेनेपच्या स्लोपेंगकडे तोपेंग दालांग नावाचे मुखवटे घालून खेळ करतात त्यात महाभारत-रामायणच असतं, नाचणारे मुखवट्यामागे मुके आणि एकटा दालांग सगळ्यांचे संवाद म्हणतो, त्यामुळे भीम-अर्जुन म्हाताऱ्यांना माहीत असतात. त्यावर गप्पा मस्त रंगतात. फक्त त्यांची गोष्ट आपल्या गोष्टीहून वेगळी निघाली की "तुमचं चुकलं" म्हणायची खाज आवरा.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडची निम्मी चौकशी त्याचीच असते. रोजचं जेवण म्हणजे नासी जागुंग, मक्याचा भरडा वाफवून भातात मिसळलेला, त्याबरोबर शेवग्याच्या पाल्याचं पातळ सार, सुकी खारट मासळी आणि साम्बल म्हणजे मिरचीची चटणी. शेवग्याला तिकडे मारोंगी म्हणतात आणि प्रत्येक कुंपणाला लावलेला असतो, आपल्याकडे शेंगा खातात आणि पाला कोकणात किंवा एखाद्या सणाला, तिथे उलटं, शेंगांकडे कोणी बघत नाही आणि पाला रोज. शाकाहारी असाल तर फक्त "मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही कारण त्याचा अर्थ बीफ नको एवढाच घेतला जातो आणि प्रेमाने कोंबडी येते. सुटं सुटं सांगा, गाय नको, कोंबडी नको, मासा नको, कोळंबी नको, अंडं चालेल की नाही. आणि पेतिस, म्हणजे मासळी-कोळंबीचा आटवून केलेला काळा दाट रस, आणि तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली वडी, या दोन गोष्टी साम्बलपासून भाजीपर्यंत कशातही असू शकतात, कडक शाकाहारी माणसाने स्वतःची चटणी-लोणचं बरोबर न्यावं. तेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या आणि टोफू मात्र पोटभर मिळतात, वांगी, चवळी, पपईचा पाला सगळं असतं, उपाशी राहणार नाही. मांस-मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, साते, सोतो म्हणजे मसालेदार रस्सा, सुमेनेपचा काल्दु कोकोत म्हणजे मूग घालून केलेलं पायाचं सूप, पामेकासानचे लोर्जुक शिंपले, आणि बांगकालानला उतरलात तर बदकाची थाळी.

कॉफी नाकारायची नाही. ही ओळ अधोरेखित समजा. कुठल्याही अंगणात पाच मिनिटांसाठी टेकलात तरी कॉफी येणार, तळाला गाळ असलेली, गोडमिट्ट, आणि बरोबर रेंगिनांग म्हणजे तांदळाच्या तळलेल्या पापड्या. गाळ खाली बसू द्या, मग प्या. लगेच कप उचलायचा नाही, यजमान "घ्या" म्हणाला की घ्यायचा, आणि अगदीच नको असेल तरी ओठाला लावायचा. दिवसात चार अंगणं फिरलात तर चार कप होणार, त्या हिशोबाने जा. सिगारेट पुढे केली आणि ओढत नसाल तर हसून छातीवर हात ठेवा, चालतं. सुमेनेपच्या पूर्वेकडच्या भागात ताडाची झाडं खूप, हो तेच आपले ताडगोळ्यांचे ताड, त्याचा ताजा गोड रस लाआंग मिळाला तर सोडू नका, आणि त्याच रसाचा तिथे गूळ करतात, तो घरी आणायला एकदम बेस्ट.

अंघोळीला आपल्याला काही शिकवायला नको, बादली-मग संस्कृतीच आहे. न्हाणीघरात सिमेंटचा हौद असतो आणि प्लास्टिकचा मग, हौदातलं पाणी मगाने घेऊन अंगावर घ्यायचं, हौदात हात-पाय घालायचे नाहीत, साबण तर नाहीच. पण कोरड्या दिवसात, ऑगस्टनंतर, विहिरी आटतात आणि काही गावांना टँकर येतो, तेव्हा यजमान म्हणतील "भरपूर अंघोळ करा" आणि तुम्ही चार मगात उरकायचं. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. प्यायला उकळलेलं किंवा जारचं पाणी. गोळ्या, ओआरएस बरोबर ठेवा, सरकारी दवाखाना, पुस्केस्मास, तालुक्याच्या ठिकाणी असतो. पैसे काढायला पण तिथेच जावं लागतं म्हणून कॅश जवळ असू दे. चार्जरचा प्लग गोल दोन पिनवाला चालतो, आपला तीन पिनवाला नाही.

दिवसभर करायचं काय? काहीच करू नका असं मी म्हणेन पण ते जमत नाही कुणाला. तर काम मागून घ्या. सगळ्यात सोपं काम म्हणजे गुरांसाठी गवत कापायला जाणं, ङारे' म्हणतात, दुपार कलली की घरातला कोणीतरी विळा आणि टोपली घेऊन निघतोच. मदुरी गाय-बैल लहान चणीचे, लालसर तपकिरी, आणि त्यांची उठबस घरच्यांपेक्षा चांगली असते. गोठा अंगणातच म्हणजे नजरेसमोर, चोरी होऊ नये म्हणून. विळा बघून उगाच चारोकचे विषय काढू नका. चारोक म्हणजे अब्रूसाठी विळ्याने होणारी मारामारी, बेटाबाहेरच्या लोकांना मदुरा म्हटलं की तेवढंच आठवतं आणि गावातल्या लोकांना त्याचा मनापासून वैताग आहे, ज्या घरात असं काही घडून गेलंय तिथे तर ती जखम असते. पण त्यामागची गोष्ट तुम्हाला माहीत असावी, त्यांच्यात म्हण आहे की डोळे पांढरे होण्यापेक्षा हाडं पांढरी झालेली बरी, म्हणजे अपमान घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं चांगलं. आणि अशा भांडणांमागे फार वेळा बायको किंवा बहिणीच्या अब्रूचा प्रश्न असतो. म्हणून वर म्हटलं की घरात पुरुष नसताना जाऊ नका, कुणाच्या बायकोवरून चेष्टा नको, चारचौघात कुणाला खाली पाडून बोलायचं नाही, आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय अजिबात नाही, अंगणात धान्य वाळवतायत किती छान लाईट आहे वगैरे असलं तरी नाही. विचारलंत तर बहुतेक वेळा त्या स्वतःच ओढणी नीट करून सगळ्यांना बोलावून रांगेत उभ्या राहतात.

तंबाखूच्या दिवसात गेलात तर रात्र जागवायची तयारी ठेवा. मे-जूनमधे रोपं लावतात आणि मग पाऊस नसल्याने प्रत्येक रोपाला हाताने पाणी, खांद्यावर कावड घेऊन दोन्ही बाजूला झाऱ्या, सकाळ-संध्याकाळ. ऑगस्ट-सप्टेंबरला पानं तोडून, पिवळी पडेपर्यंत ढीग करून झाकून ठेवतात आणि मग मध्यरात्रीनंतर कापायला बसतात, कारण पहाटेपर्यंत बारीक कापून बांबूच्या तट्ट्यांवर पसरलं तरच सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एका उन्हात वाळतं, दुसऱ्या दिवसावर गेलं की रंग उतरतो आणि भाव पडतो. एक जण धारदार सुरीने कापतो, बाकीचे पसरतात, गप्पा, कॉफी, रेडिओ. कापायच्या सुरीला हात लावू नका, पसरायला बसा, ते अर्ध्या तासात जमतं. हातांना चिकट काळा थर बसतो तो साबणाने जात नाही. हा सगळा माल दलालांमार्फत सिगारेट कंपन्यांच्या गोदामात जातो, लवंग घातलेली क्रेतेक सिगारेट त्यातूनच बनते. भाव काय मिळाला हे मात्र तुम्ही विचारू नका, ते सांगतील तेव्हा ऐका. कांदा बाजारात नेऊन आलेल्या माणसाला कोणी भाव विचारत नाही तसंच.

मीठ बघायचं असेल तर समुद्रकाठी जावं लागतं, सुमेनेपजवळ कालियांगेत, पिंग्गीरपापास या बाजूला. जुलै ते ऑक्टोबर भर. खारं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करत नेतात, पाणी उचलायला लाकडी पात्यांच्या छोट्या पवनचक्क्या, हल्ली वाफ्यात काळं प्लास्टिक अंथरतात म्हणजे मीठ पांढरं निघतं. आमच्या वसई-उरणच्या लोकांना यात नवीन काही नाही म्हणा. पिंग्गीरपापासला मिठासाठी न्यादार नावाचा विधी वर्षातून तीनदा होतो, पूर्वजाच्या कबरीपाशी, तारीख गावातच ठरते.

संध्याकाळी मगरीबच्या म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर गाव परत जिवंत होतं. गुरुवारी रात्री बहुतेक कुठेतरी एकत्र पठण असतं, कुणाकडे मयताचे दिवस असतात, कुणाकडे बारसं, आणि पुरुष मंडळी लुंगी-टोपीत लांगार भरून बसतात. तुम्हाला बोलावलं तर जा, कडेला शांत बसा, लुंगी यजमान देईल. शेवटी प्रत्येकाच्या हातात बेरकातची पिशवी येते, भात, अंडं, एखादा मटणाचा तुकडा, केळं. ती तिथेच उघडून खायची नसते, घरी न्यायची असते, घरात पोरं वाट बघत असतात. सणाला शेजारीपाजारी ताटं फिरतात, तेर-आतेर, मोहरमला तर घरोघर ताजिन सोरा म्हणजे तांदळाची खीर-कांजी मधलं काहीतरी, वरून अंड्याची पट्टी आणि मिरची. रिकामं भांडं परत करायचं नाही हे आपल्यासारखंच.

बैलांच्या शर्यतीबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात म्हणून मी शेवटी ठेवलंय. कारापान सापी, दोन बैलांच्या मधे कालेलेस नावाची लाकडी घसरगाडी, तिच्यावर एक लहानखुरा पोरगा, शंभर मीटरच्या आसपास धाव, खेळ दहा-बारा सेकंदात खल्लास. ऑगस्ट ते ऑक्टोबर तालुका, जिल्हा आणि अंतिम फेरी, ती बहुतेक पामेकासानला. बैलांना अंडी आणि काढे पाजून पाजून तयार करतात. खिळ्यांच्या काठीने मारणं आणि जखमेवर तिखट चोळणं यावरून तिथेही बरेच वाद झालेत, बंदी घाला म्हणणारे आहेत, आणि मारझोड न करता धावण्याच्या शर्यतीही ठेवल्या जातात, म्हणजे २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवरून जी चर्चा चालली तीच. बघायला गेलात तर शेवटच्या रेषेच्या बाजूला उभे राहू नका, बैल रेषा संपली म्हणून थांबत नाहीत, गर्दीत घुसतात. मला विचाराल तर त्यापेक्षा सापी सोनोक बघा, गायींच्या जोड्या सजवून, जरीची झूल घालून सारोनेन सनईच्या तालावर चालवत आणतात आणि शेवटी दोघींनी एकाच वेळी पुढचे पाय फळीवर ठेवायचे. पामेकासानच्या उत्तर भागात होतात, कुणालाही लागत नाही आणि सनई कानात घुमत राहते.

एखादा दिवस बाहेर पडायचं असेल तर सुमेनेपचा राजवाडा आणि समोरची जुनी जामा मशीद, आस्ता तिंग्गीची राजांची कबरस्थानं, लेगुंग गाव जिथे घरात वाळू भरून लोक त्यावर झोपतात, पामेकासानजवळ जमिनीतून सतत जळणारा गॅसचा जाळ जिथे लोक मक्याची कणसं भाजतात. हे सगळं गूगलवर मिळेल, त्यात वेळ घालवत नाही.

निघताना. पैशाचं पाकीट सरळ हातात देऊ नका, राहण्याचे पैसे विचारले तर अपमानच होतो. येतानाच साखर, कॉफी, तेल, बिस्किटं असं घरात लागणारं सामान आणा आणि ते घरातल्या बाईच्या हातात द्या, मित्राच्या नाही. भारतातून आणायचं असेल तर मसाल्याचा चहा चालतो, सुती कापड खूप चालतं, मिठाईत काय आहे ते सांगून द्या म्हणजे हलालची शंका राहत नाही. मुलांना खाऊ वेगळा. निरोप घ्यायला अंगणातल्या प्रत्येक घरी जावं लागतं, पश्चिमेच्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात करून पूर्वेकडे, एकही घर गाळायचं नाही, आणि प्रत्येक घरातून काहीतरी पिशवीत पडणार, शेंगदाणे, मका, केळ्याचा घड, एकदा आमच्या बरोबरच्याला जिवंत कोंबडी मिळाली ती बसमधे मांडीवर. नको म्हणायचं नाही. म्हणून येताना बॅग अर्धी रिकामी ठेवा, आणि दुपारची बस पकडायची असेल तर निरोपाला सकाळी आठलाच सुरुवात करा, कारण प्रत्येक घरी कॉफी आहेच.